मार्कर चषकाचं शुद्धिपत्र

"बाय, तू काय पन लिव, पन त्याचा नाव कागदावर आनू नको."

मालन हे म्हणाली तेव्हा न्हाणीघरात तिच्या लांब पसरलेल्या पायांवर दहा महिन्यांची हेमा पालथी पडली होती आणि मालन तिच्या पाठीवर कढत पाण्याचा तांब्या ओतत होती. उत्तराचं सगळं लक्ष त्या तांब्याकडे. पाणी कानात गेलं तर? नाकात गेलं तर? मालनने कोपर बुडवून पाहिलं होतं का, की नुसतंच बोट?

"कागदावर आल्याने काय होतं, मालनबाई? दृष्ट लागते?" तिने हसून विचारलं.

"दिष्ट नाय गो. आता सगल्यांना ठावं हाय. ठावं हाय तवर बरा हाय. कागदावर आला का सायबाला वाचाया लागंल."

"बरं बरं. पाणी फार कढत नाही ना?"

संपली सूचना. उत्तराला खरं तर धोक्याची सूचना द्यावी लागत नसे, ती आपणहून गोळा करत असे. हेमाने गिळू नयेत म्हणून तिने घरातल्या सगळ्या अभ्र्यांची बटणं काढून नाड्या लावल्या होत्या. पाणी ती दोनदा उकळायची, एकदा जंतूंसाठी आणि एकदा शंकेसाठी. पाळण्याच्या वरची तुळई कधी पडेल याचा अंदाज घेत ती कितीतरी दुपारी उताणी पडून राहिली होती. अशा बाईला एक खरा धोका कुणी स्वच्छ शब्दांत सांगितला, आणि ती म्हणाली, पाणी कढत नाही ना.

मालन नवऱ्याबद्दल बोलत होती. नवऱ्याचं नाव काळुराम. बाळकुमचा माणूस, जिमखान्याचा माळी. आणि उत्तरा जे लिहायला बसली होती तो होता त्याच जिमखान्याच्या टेनिस स्पर्धेचा इतिहास.

ठाण्यात नौपाड्याच्या मागच्या अंगाला मित्रविहार जिमखाना होता. एक कौलारू बैठी इमारत, एक ब्रिजचं टेबल आणि एक मातीचं टेनिस कोर्ट. उत्तराच्या माडीची खिडकी बरोबर त्या कोर्टावर उघडायची. तिचा नवरा श्रीपाद जिमखान्याचा सहचिटणीस, आणि अध्यक्ष होते वकील प्रभाकरराव. त्यांनी १९४८ साली ही स्पर्धा सुरू केली आणि तिला भारदस्त नाव दिलं, 'अखिल प्रांतीय व्यावसायिक मातीकोर्ट टेनिस स्पर्धा'. लोक तिला मार्कर चषक म्हणत.

मार्कर म्हणजे क्लबाने पगारावर ठेवलेला खेळाडू. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की मार्करने समोर उभं राहायचं, साहेबांच्या रॅकेटवर अलगद चेंडू आणून द्यायचा, आणि शेवटी बेताने हरायचं. सभासद हौशी, मार्कर धंदेवाईक. हौशी माणसाने धंदेवाईकाशी सामना खेळला की त्याचं हौशीपण बाटतं असा नियम होता, म्हणून मार्कर लोकांना कुठल्याच स्पर्धेत घेत नसत. प्रभाकररावांना हा अन्याय वाटला. त्यांनी मार्करांसाठी वेगळी स्पर्धा काढली, वेगळा चषक केला आणि मार्करांना प्यायला पाण्याचा वेगळा माठसुद्धा ठेवला.

१९५७ च्या जानेवारीत स्पर्धेचं दहावं वर्ष आलं. स्मरणिका काढायचं ठरलं. इतिहास कोण लिहिणार? बैठकीत सगळे एकमेकांकडे बघू लागले तेव्हा प्रभाकरराव म्हणाले, "श्रीपाद, तुझी मंडळी बी.ए. आहे ना? आणि विषयही इतिहासच ना? मग झालं तर. आपलं काय, शिवकालापेक्षा सोपंच."

श्रीपादने घरी येऊन सांगितलं, "अगं, चार पानं लिही. अध्यक्षांची दूरदृष्टी, सभासदांचं सहकार्य, खेळाडूंची शिस्त. लोक काय वाचतात? प्रत्येक जण आपलं नाव शोधतो आणि मिटून ठेवतो."

उत्तराने मात्र इतिहास म्हणजे इतिहासच धरला. तिने जिमखान्याची इतिवृत्तं मागवली. पहिल्या वर्षीच्या पानावर प्रभाकररावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "आठ स्पर्धकांपैकी सात हजर. नाशिकचे सहदेव हे गाडीच्या गोंधळामुळे पोहोचू न शकल्याने पर्यायी व्यवस्था करण्यात आली. सहदेव विजयी."

तिने ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. जो पोहोचलाच नाही तो जिंकला कसा?

उत्तर तिला माहीत होतं. खिडकीतून सगळं दिसायचं. १९५१ साली लग्न होऊन आल्यापासून ती हे कोर्ट बघत आली होती, आणि हेमा झाल्यावर तर तिला दुसरा उद्योगच नव्हता. पोर झोपायचं ते चेंडूच्या आवाजावर. टप्, मध्ये एक श्वास, पुन्हा टप्. चेंडू वेडावाकडा उडाला की हेमा डोळे उघडायची. म्हणून कोर्ट सपाट असणं ही उत्तराची घरगुती गरज होती, आणि ते सपाट ठेवणारा माणूस तिला पाठ होता.

काळुरामचे वाडवडील भाताचं खळं करण्यात वाकबगार. त्याने कोर्ट तसंच धरलं. दसऱ्यानंतर मुरूम टाकायचा, त्यावर चाळलेली माती, मग पाणी, मग चोपण्याने बसून बसून चोपायचं, मग रूळ फिरवायचा. स्पर्धेच्या दिवसांत रोज पहाटे शेणाचा पातळ काला शिंपून ओलं गोणपाट ओढत उलट्या पावली मागे मागे यायचं, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे आपणच पुसत कोर्टाबाहेर पडायचं. शेवटी तो काठावरून एक चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज पटला तर चुन्याच्या रेघा. नाही पटला तर पुन्हा गोणपाट.

आणि दुपारी डोक्यावर पांढरी टोपी घालून, प्रभाकररावांच्या जुन्या पँटीत, नाशिकचे सहदेव खेळायला उतरायचे. सहदेवांची एक खोड होती. ऐन सामन्यात, कितीही घाई असो, कुठे माती उखडलेली दिसली की ते थांबायचे आणि टाचेने ती दाबून बसवायचे. पुण्याचे, मुंबईचे मार्कर असं करत नसत. कोर्ट त्यांनी कुठे केलं होतं?

पहिल्या वर्षी काय झालं ते मालननेच सांगितलं होतं. खेळाडू सात, आणि पाहुणे येऊन बसलेले. मेल ठाण्याला थांबत नाही, कल्याणला गाडी बदलावी लागते, तिथेच कुठेतरी सहदेव हरवला. प्रभाकररावांनी रोलर ओढणाऱ्या काळुरामला हाक मारली. "काळू, टोपी घाल. आज तू सहदेव. पहिल्या फेरीत हरायचं आणि पुन्हा पाणी मारायला लागायचं."

काळुरामला हरता येत होतं. जिमखान्याला स्वतःचा मार्कर नव्हता, म्हणून सभासदांसमोर तोच रोज उभा राहायचा आणि हरायचा. चेंडू समोरच्याच्या हातात कुठे पडेल हे ज्याला नेमकं ठाऊक, त्याला तो कुठे पडू नये हेही ठाऊक असणारच. समोर साहेब नाही, आपल्यासारखाच मार्कर आहे, हे पाहिल्यावर त्याचा हात काही केल्या हरेना. तो तिन्ही सामने जिंकला. चषकावर नाव कोरलं गेलं ते कागदावर होतं ते, सहदेव. आणि पुढच्या वर्षी गतविजेता आला नाही तर स्पर्धेची काय शोभा? म्हणून पुन्हा टोपी. असं नऊ वर्षं. मधली दोन वर्षं पुण्याच्या मार्करने नेली, तीही काळुरामचा गुडघा सुजला होता म्हणून. दिवाणखान्यातल्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत सात वेळा सहदेव.

हे सगळ्यांना माहीत होतं. सभासदांना माहीत होतं, मार्करांना माहीत होतं, सुपारी कातरत बसणाऱ्या पेन्शनरांना माहीत होतं. सामना रंगला की बाकावरून कुणीतरी ओरडायचा, "शाब्बास काळ्या!" आणि लगेच दुसरा म्हणायचा, "सहदेव म्हणा हो, सहदेव," की सगळे हसायचे. प्रभाकररावही हसायचे.

उत्तराने लिहिलं. पान सातवर, अगदी साध्या भाषेत: "पहिल्या वर्षीची 'पर्यायी व्यवस्था' म्हणजे जिमखान्याचे माळी काळुराम. आजवर सात वेळा चषक जिंकणारे 'सहदेव' ते हेच. सकाळी जो हे कोर्ट घडवतो तोच दुपारी त्यावर जिंकतो, असे उदाहरण विरळा." मग खळं, चोपणं, टाच, सगळं. लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं. आपण एका माणसाला त्याचं नाव परत दिलं असं तिला वाटलं. बी.ए. झालेल्या माणसांना असं वाटतं.

छापखाना डोंबिवलीला होता. प्रुफं घरी आली. श्रीपादने ती काळजीपूर्वक तपासली, म्हणजे कार्यकारिणीच्या यादीत स्वतःची आद्याक्षरं उलटी पडली होती ती सुलटी केली. प्रभाकररावांनी आपला फोटो नीट आलाय ना एवढं पाहिलं, आणि प्रस्तावनेतला 'यःकश्चित' बदलून 'विनम्र' केला. पान सात कुणीच उघडलं नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी स्मरणिकेचं प्रकाशन. प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्यातले एक मोठे अधिकारी आले होते. नवीन बदलून आलेले, मराठी वाचायची हौस असलेले. सगळे पाहुणे करतात तसं त्यांनी स्मरणिका उंच धरून फोटो काढून घेतला असता आणि खाली ठेवली असती तर बिघडत नव्हतं. पण भाषणाला विषय हवा म्हणून त्यांनी ती उघडली. नेमकं पान सात. आणि मोठ्याने वाचू लागले.

उत्तरा हेमाला कडेवर घेऊन बायकांच्या बाजूला उभी होती. पहिल्या वाक्याला तिचा ऊर भरून आला. दुसऱ्या वाक्याला तिच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाहीये. बाकांवरचे पेन्शनर एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले होते.

"वा!" पाहुणे म्हणाले. "फारच छान. कुठे आहे हा काळुराम? बोलवा बघू."

काळुराम कोर्टाच्या पलीकडच्या कोपऱ्यात पाण्याची झारी घेऊन उभा होता. अर्ध्या तासाने अंतिम सामना होता, म्हणून अंगात पांढरी पँट होती. टोपी अजून कमरेला खोचलेली. वरून सहदेव व्हायचा बाकी, खालून झालेला, अशा अवस्थेत तो मंडपापर्यंत आला.

"तू काळुराम की सहदेव?" पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं.

काळुरामने प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकरराव खुर्चीच्या हाताकडे बघत होते.

"सायब," काळुराम प्रभाकररावांना म्हणाला, अगदी मनापासून, रोज सकाळी पाणी मारू का विचारायचा तसं, "आज कोन पायजे तुमाला?"

पाहुणे खो खो हसले. बाकी कुणी हसलं नाही. पुण्याहून आलेला मार्कर, ज्याच्याशी सामना होता, तो रॅकेटच्या तारा चाचपत राहिला.

"मग खेळू दे की त्याला आज स्वतःच्या नावानं!" पाहुणे म्हणाले.

प्रभाकरराव उठले. वकिलाचा आवाज लागला. "साहेब, आजवर ही गोष्ट ऐकीव होती. आता ती अधिकृत प्रकाशनात आली आहे. दखल घेणं भाग आहे. काळुराम हे मार्कर नाहीत, माळी आहेत, म्हणजे व्यावसायिक खेळाडू नाहीत. पगारी असल्यामुळे हौशीही नाहीत. नियमात ते कुठेच बसत नाहीत."

पुण्याच्या मार्करला न खेळता विजयी घोषित केलं. बक्षीससमारंभाला धूळ उडू नये म्हणून कोर्टावर पाणी मारायला हवं होतं. काळुरामने मारलं. मग गोणपाट घेतलं आणि सवयीने मागे मागे येत आपली पावलं पुसून तो कोर्टाबाहेर पडला.

त्या संध्याकाळी श्रीपाद घरात शिरला तो चपला न काढताच.

"काय करून बसलीस हे?"

"खरं लिहिलं."

"अगं, खरं आहे हे काय आम्हाला माहीत नव्हतं? माहीत होतं म्हणून तर चाललं होतं!"

"प्रुफं तुम्हीच वाचलीत ना?"

"मी माझं नाव वाचलं," श्रीपाद म्हणाला, आणि मग स्वतःच जरा ओशाळला. "हेमा झोपली का?"

"नाही. खाली चेंडू कुठे वाजतोय?"

चौकशी समिती नेमली गेली. दोन बैठका झाल्या, दोन्ही वेळा भजी झाली. निर्णय असा झाला: काळुराम हा अपात्र, सबब त्याचे विजय रद्द. तथापि चषकावर व फळ्यावर जे नाव आहे ते सहदेव यांचे असून सहदेव हे नाशिकचे रीतसर नोंदलेले मार्कर होते. त्यांच्या नावाबद्दल कोणतीही तक्रार नाही. सबब विजय सहदेव यांचेच. आणि माळ्याने परवानगीशिवाय नऊ वर्षे स्पर्धेत भाग घेतला, म्हणून त्यास आभारपूर्वक सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. कोर्टाच्या मागची झोपडी आठ दिवसांत रिकामी करावी.

"परवानगीशिवाय?" उत्तरा म्हणाली. "टोपी कुणी दिली त्याला?"

"त्याची इतिवृत्तात नोंद नाही," श्रीपाद हळूच म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. वाईट वाटलं की तो वर्तमानपत्र उलगडायचा.

दुसऱ्या दिवशी मालन हेमाला न्हाऊ घालायला आली ती शेवटचीच. उत्तराने किती शब्द जुळवून ठेवले होते. मालनने पाणी विसणलं, कोपर बुडवून पाहिलं, पोरीला पायांवर घेतलं, तेल चोळलं, टाळू भरली, शेकलं, विड्यासारखं घट्ट गुंडाळून हातात दिलं. एकदाही 'मी सांगितला व्हता' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"मालनबाई, मी बोलते प्रभाकररावांशी. मी पुन्हा लिहिते—"

"नको गो बाय," मालन म्हणाली. "आता लिवू नको."

आणि जाता जाता दारात थांबून, "तिच्या कानात तेल नको घालूस. घाबरतंस म्हनून घालशील. नको घालूस."

पंधरा दिवसांनी खरा सहदेव आला. एका सकाळी मागच्या कॅरियरला, कुणा गिऱ्हाइकाकडून मिळालेली, स्मरणिका बांधलेली सायकल जिमखान्यासमोर थांबली आणि एक गोल, टक्कल पडलेला, हातांना ग्रीस लागलेला माणूस उतरला. नऊ वर्षांपूर्वी मेलमधून तो कल्याणला उतरला होता. जिमखाना कुठे, जिमखाना कुठे, असं विचारत दिवसभर कल्याणात फिरला. ठाण्याची गाडी पकडायची आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी एका सायकलच्या दुकानात पाणी प्यायला थांबला, मालकाने पंक्चर काढता येतं का विचारलं, आणि तो तिथेच राहिला. नाशिकला परत जायची लाज वाटली. रॅकेट विकून टाकली. नऊ वर्षं बारा मैलांवर पंक्चरं काढत होता, आणि इकडे सात वेळा विजेता होत होता.

"साहेब, मी एकदाही खेळलो नाही," तो समितीपुढे म्हणाला.

"तो प्रश्नच नाही," प्रभाकरराव म्हणाले. "नाव तुमचं आहे ना?"

"नाव माझंच."

"झालं तर मग."

त्याला शाल, नारळ आणि चषक दिला. छोटासा समारंभ झाला. आभार मानायला सहदेव उभा राहिला. "पण खेळला कोण?" त्याने विचारलं. प्रभाकरराव म्हणाले, "चहा घ्या."

आठवड्याने एका संध्याकाळी तो उत्तराच्या दारात उभा राहिला. सायकलच्या कॅरियरला आता चषक बांधला होता.

"वहिनी, पान सात तुम्ही लिहिलंय ना? त्याला द्या हा. मला घरी ठेववत नाही. बायको रोज पुसते आणि रोज विचारते, तुम्ही नक्की काय केलंत हो?"

चषक उत्तराच्या घरात आला. हेमाने त्यावर पहिल्याच दिवशी दोन दात उमटवले. उत्तराने तो राखेने घासला, उकळत्या पाण्यातून काढला, आणि मग कपाटात ठेवला. मग तिच्या मनाने घेतलं की तो पोचवायला हवा. नुसता पोचवायचा नाही, माणूस बघून यायचा. चषक तिने मुद्दाम बरोबर घेतला नाही. आधी त्याला विचारायचं होतं, हवा का?

बाळकुमला ती टांग्याने गेली. काळुरामच्या घराला कुलूप. शेजारची बाई जाळं विणत बसली होती. "गेली ती खडवलीला, मालनच्या भावाकडं. नदीपल्याडच्या पाड्यावर. तो जायच्या आदी पंदरा दिस कोनाशी बोलला नाय. जेवन म्हनशील तर चिमनीचा घास. नुसता आंगन सारवायचा. सारवलेला परत सारवायचा. मालन बोलली, हितं ऱ्हायला तर सगली गल्ली सारवून काढील."

हे ऐकल्यावर उत्तराला चैन पडेना. इतके दिवस ती हेमाचा श्वास मोजत झोपायची. आता मध्येच दुसऱ्याच कुणाचा तरी मोजायला लागली. तो जेवत असेल का? बोलायला लागला असेल का? श्रीपादला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, बरा असेल. मोकळ्या हवेत गेलाय." म्हणजे वर्तमानपत्र.

मार्चच्या एका गुरुवारी ती हेमाला घेऊन खडवलीला गेली. उकळलेल्या पाण्याची बाटली, दोन दुपटी, ग्राइप वॉटर, स्वतःसाठी काहीच नाही. स्टेशनवरून पायवाटेने नदीपर्यंत आली. भातसाचं पाणी उतरलेलं, पण वाहतं. पलीकडे जायला दगडांची ओळ. गावच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन त्यांवरून चालत होत्या, रस्त्यावरून जावं तशा. दगडांवर हिरवं शेवाळ होतं. उत्तराने पहिल्या दगडावर पाय ठेवला. कडेवर हेमा. तिने पाय काढून घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढून घेतला.

"ये की गो, धर हात," मधल्या दगडावरून एक बाई म्हणाली.

"नको," उत्तरा म्हणाली. "पोर आहे हातात."

"मंग पोर माज्याकडं दे."

ते तर त्याहून नको.

ती तासभर काठावर उभी राहिली. पलीकडच्या काठावर, जरा उंचावर, चार-पाच घरं दिसत होती. त्यांतल्या शेवटच्या घरापुढे एक अंगण होतं, बाकीच्या अंगणांपेक्षा खूपच लांबट आणि इतकं सपाट की उन्हात चटईसारखं दिसत होतं. त्यावर एक पांढरी रेघ होती, की वाळत घातलेलं धोतर? कुणीतरी ओणवं होऊन मागे मागे सरकत होतं. पुरुष की बाई, तेही कळेना. तिने हाक मारायला तोंड उघडलं. काय म्हणून हाक मारायची? तेवढ्यात हेमा शिंकली. उत्तरा वळली आणि स्टेशनवर आली.

हेमाला सर्दी झाली नाही. काहीच झालं नाही.

इकडे कोर्टाचं जे व्हायचं ते झालं. नवीन माळ्याने काला घट्ट शिंपला, कोर्टाला पोपडे धरले, चेंडू एकदा गुडघ्याला यायचा तर एकदा कानशिलाला. सभासद म्हणू लागले की मातीचा काळ गेला. सिमेंटचं कोर्ट करायचं ठरलं. मार्करांना कळवण्यात आलं की पुढील वर्षी स्पर्धा होईलच असे नाही. उत्तराने दहा वर्षांचा इतिहास लिहिला होता. तो नेमका पूर्ण इतिहास ठरला.

राहिल्या होत्या स्मरणिकेच्या तीनशे प्रती, न वाटलेल्या. त्या तशाच जाहिरातदारांना आणि सभासदांना पाठवणं बरं दिसेना. प्रभाकररावांनी निरोप धाडला: लेखिकेने एक शुद्धिपत्र लिहावे, ते छापून पान सातवर चिकटवावे. मजकूर त्यांनी सांगूनच दिला होता, एक वाक्य. उत्तराने ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग खाली आणखी थोडं लिहिलं. मालनचे शब्द, लिवू नको, तिला लिहिताना ऐकू येत होते. या वेळी पाणी कढत आहे का हे तिने विचारलं नाही. काळुरामच्या नावावर काही येणार नाही, आपल्याच नावावर येईल, अशा बेताने लिहिलं.

प्रूफ आलं. श्रीपादने त्यात आपलं नाव शोधलं, नव्हतं, म्हणून सही करून परत दिलं. प्रभाकररावांनी पहिलं वाक्य वाचून मान डोलावली. छापील चिठ्ठ्या आल्या तेव्हा उत्तराने कणकेची खळ शिजवली आणि तीन दुपारी बसून, हेमाला एका मांडीवर थोपटत, तीनशे प्रतींत तीनशे चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या अशा:

*शुद्धिपत्र. पान सातवर व पुढे जेथे जेथे 'काळुराम' असे छापले आहे, तेथे जिमखान्याच्या ठरावानुसार 'सहदेव' असे वाचावे. चूक सर्वस्वी लेखिकेची आहे.*

*खडवली स्टेशनवरून नदीकडे जाणारी पायवाट धरावी. नदीत दगडांची ओळ आहे. पलीकडे पाड्यावर शेवटच्या घराचे अंगण फार सपाट आहे, चुकणार नाही. लेखिका अलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आली. आपणांपैकी कोणी त्या बाजूला गेलात आणि आपणांस दगडांवरून चालण्याची भीती वाटत नसेल, तर कृपा करून पलीकडे जाऊन तेथल्या माणसाला एकदा बघून यावे. जेवतो का, बोलतो का, एवढेच. त्याची एक वस्तू आमच्या घरी आहे, ती हवी का, तेही विचारावे. हाक कोणत्या नावाने मारावी ते लेखिकेला सांगता येत नाही; त्यालाच विचारा. आणि काय ते मला कळवा.*